चिटणिशी वळणाचा टंक

लग्नपत्रिकेवर नावं इंग्रजीत छापायची ठरली की सोलापूरच्या छपाईच्या दुकानातही तीच तिरकी, लपेटदार अक्षरं पुढे येतात. त्या घाटामागे चार्ल्स स्नेलसारख्या लंडनच्या लेखनगुरूंचं वळण आहे. १९६६ साली मॅथ्यू कार्टरने स्नेलच्या वळणावरून ‘स्नेल राउंडहँड’ हा टंक फोटोटाइपसेटिंगसाठी केला. शिशाच्या चौकोनी खिळ्यांवर तिरकी अक्षरं एकमेकांना नीट जोडता येत नसत आणि बाहेर आलेली नाजूक टोकं मोडत. फिल्मवर ती अडचण राहिली नाही.

मराठीकडे या तोडीचं दरबारी वळण आहे, मोडी लिपीचं. त्यातल्या चिटणिशी वळणाचं नाव शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याशी परंपरेने जोडलं जातं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा शिलालेख आपण अभिमानाने दाखवतो, पण ते अक्षर छिन्नीचं, सुटं सुटं. मोडीचं अक्षर बोरूचं. कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरं सोडत जाई. बोरूची जीभ तिरकी तासलेली, त्यामुळे उतरताना रेघ भरते, वळताना बारीक होते आणि वर जाऊन पुन्हा शिरोरेघेला भिडते. रूढ मोडीत ऱ्हस्व वेलांटी नाही, म्हणून अक्षराच्या आधी काही काढायला हात मागे न्यावा लागत नाही. शब्दही तोडायचे नाहीत. बोरू उचलायचा तो दौतीत बुडवायला!

असं धावतं अक्षर खिळ्यांत उतरवणं जिकिरीचं होतं, तरी ते झालं. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपुरात छापलं गेलं ते देवनागरीत. १८१० च्या त्याच्या कोशातले मराठी शब्द मात्र मोडी खिळ्यांत आहेत. पुढे छापखान्यांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, धरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांनीही मोडी सोडली. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर २०१४ साली ती युनिकोडमध्ये आली. ‘नोटो सॅन्स मोडी’ हा टंकही आहे. तो उपयोगाचा, नेटका आहे. पण त्याची रेघ एकसारख्या जाडीची, बोरूचा भरणा तिच्यात नाही. जुन्या नोंदी शोधण्यापुरती मोडीची आठवण काढली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. दस्त वाचणाऱ्याला स्पष्ट टंक हवा, तर मथळ्याला डौल हवा, आणि या दोन गरजा एका टंकाने भागत नाहीत.

डौलाच्या टंकाची खरी परीक्षा शिरोरेघेची. ती नावाच्या आरंभापासून शेवटपर्यंत अखंड राहिली पाहिजे आणि दोन अक्षरांच्या सांध्यावर जाडी बदलता कामा नये. काना लागला की काही अक्षरांचं रूपच बदलतं. ती जोडरूपं एकेक करून रेखाटावी लागतील. त्यासाठी नमुना हवा चिटणिशी पत्रांचाच. देवनागरीला बाक देऊन मोडी होत नाही. सुरुवात पत्रिकेवरचा ‘श्री’ आणि दोन नावं एवढ्यावर करावी, खाली तीच नावं बाळबोधीत. वाचणाऱ्याचं अडणार नाही.