अंधाराचा निरोप

वाशिम जिल्ह्यात रब्बीच्या हरभऱ्याला ओलीत करायचे, तर कृषिपंपाची वीज बरेचदा रात्रीच्या पाळीत मिळते. हातात बॅटरी घेऊन शेतकरी बांधावर जागतो. ‘जागरणाने माणूस आजारी पडतो’ असे आपण ऐकत आलो. त्यात तथ्य किती?

आपल्या मेंदूत वाटाण्याहून लहान अशी पिनियल ग्रंथी असते. रात्री अंधारात ती मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडते. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की हे काम मंदावते. १९५८ साली ॲरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियल ग्रंथींतून मेलॅटोनिन वेगळे केले.

रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींवर मेलॅटोनिन ओळखणारे ग्राहक रेणू असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते तेथे बसते. मग या पेशी इंटरल्यूकिन-२ जास्त तयार करतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ‘टी-पेशींनो, वाढा’ असा त्या रेणूचा संदेश असतो.

बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदार व सहकाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या पट्टेरी खारींवर प्रयोग केले. पिनियल ग्रंथी काढल्यावर खारींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. मेलॅटोनिन दिल्यावर त्या पुन्हा वाढल्या.

मग मेलॅटोनिन जितके जास्त तितके चांगले का? नाही. जंतूंच्या विषाने उंदरांत दाह भडकला, तेव्हा याच मेलॅटोनिनने तो आवरला. म्हणजे ते नुसते चाबूक नव्हे, लगामही आहे. म्हणून डॉक्टरांना न विचारता त्याच्या गोळ्या घेऊ नयेत.

आता पुन्हा बांधावर येऊ. रात्रभर हिंडणाऱ्या उंदरांतही मेलॅटोनिन रात्रीच स्रवते. म्हणजे ते झोपेचा नव्हे, अंधाराचा निरोप देते. काळोखात जागणाऱ्या शेतकऱ्याला तो बऱ्याच अंशी मिळतो. पण झोप बुडते, आणि तिचा तोटा वेगळाच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, काही रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांत फ्लूच्या लशीनंतर दहा दिवसांनी निम्म्याहूनही कमी प्रतिपिंडे आढळली. दिवसा वीज मिळावी ही मागणी म्हणूनच आरोग्याचीही आहे. आणि परीक्षेसाठी प्रखर दिव्याखाली जागणारा आपला विद्यार्थी? तो झोप आणि अंधार दोन्ही गमावतो.

वर्गात एक आठवडा प्रत्येकाने दिवा मालवल्याची व झोपल्याची वेळ लिहावी. त्या नोंदींवरून चर्चा आपोआप सुरू होईल.