नाव एक, कुळे निराळी

मोंढ्यात पोती वाहणाऱ्याला आपण हमाल म्हणतो. आमच्या युनियनच्या रजिस्टरात त्या एका नावाखाली चार गावची, चार आडनावांची माणसे आहेत. माशांचेही तसेच असते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळले.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ज्वारीचा कोंब मारते तीही खोडमाशी आणि सोयाबीनचे खोड पोखरते तीही खोडमाशीच. पण ज्वारीची माशी घरमाशीच्या कुळातली आहे. सोयाबीनचीचे कूळ निराळे. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा ओढणाऱ्या नागअळ्या तिच्या भाऊबंद.

हे नाते शास्त्रज्ञ धंद्यावरून ठरवीत नाहीत, शरीरावरून ठरवतात. कोषातून निघताना माशी कपाळातून एक फुगा फुगवते आणि त्याच्या जोरावर कोषाचे टोपण उडवते. हा फुगा घरमाशीला आहे, दोन्ही खोडमाशांना आहे, हळदीच्या कंदमाशीलाही आहे. म्हणजे फार मागे सर्वांचा पूर्वज एक. पण घरमाशीच्या पंखाच्या मुळाशी जी पाळ असते, ती ज्वारीच्या माशीला चांगली वाढलेली आणि सोयाबीनच्या माशीला नावापुरती.

या पूर्वजाच्या अळ्या कुजके खात असाव्यात, असे मानतात. जिवंत झाडाकडे पुढे निरनिराळी कुळे आपापली वळली. ज्वारीची अळी तर मला अर्ध्या वाटेवरची वाटते (शास्त्रज्ञांना हा शब्द रुचणार नाही). ती कोंबाचा वाढता गाभा कापते आणि तो सडू लागला की ते सडके खाते. आपण त्याला पोंगेमर म्हणतो.

आता वसमतच्या हळदीकडे या. लांब पायांच्या कंदमाशीच्या अळ्या सडक्या कंदात सापडतात, म्हणून सगळा दोष तिच्यावर. परंतु पाहणीत पुष्कळदा असे आढळले आहे, की कंदकुजीने आधीच सडलेल्या कंदातच त्या असतात. ती चोर आहे की चोरीनंतर आलेली? कूज आधीची असेल, तर उपाय पाण्याचा निचरा आणि निरोगी बेणे हा आहे. फवारणीने फक्त पंप पाठीवर घेणाऱ्याच्या छातीत विष जाते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारताना २० हून अधिक माणसे दगावली. त्यात मजूर होते.

म्हणून मी मजुरांना सांगतो, पंप उचलण्याआधी मालकाला चार कंद उकरायला लावा. न सडलेला कंद अळीने पोखरलेला दिसतो का, ते दोघांनी मिळून पाहा.