मान वर करण्याआधी

स्पेनला जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘तिकडे बॉम्बस्फोट वगैरे?’ आणि दुसरा, जरा चाचरत, ‘नाव बघून अडवणार तर नाहीत ना?’ दोन्ही प्रश्न काळजीपोटी होते आणि अगदीच निराधार नव्हते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट होऊन सुमारे १९० माणसं गेली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावर गर्दीत गाडी घुसवली गेली. मुंबईकरांना हे दुःख समजावून सांगायला नको.

पण मंडळी, असे दिवस विरळा. पाहुण्याला तिथे रोज भेटण्याची शक्यता असते ती पाकीटमाराची. अंगावर धावून येणारे कमी, नकळत हात मारणारे जास्त.

त्यांची रीत ठरलेली असते. तिघेचौघे मिळून काम करतात. एक जण मेट्रोच्या दारात मुद्दाम थबकतो, मागची गर्दी तुमच्यावर रेलते, दुसरा बॅगेची चेन उघडतो, तिसऱ्याच्या हाती माल जातो. दार बंद व्हायच्या आत सगळे फलाटावर! कधी कुणी तुमच्या शर्टावर काही सांडतो आणि स्वतःच पुसायला धावतो. कुणी सहीसाठी कागद पुढे करतो आणि कागदाखालून हात चालवतो. ग्रनाडात काही बायका रोझमेरीची डहाळी हातात कोंबतात, हात पाहून भविष्य सांगतात आणि मग पैशांसाठी अडून बसतात. साध्या वेशातला ‘पोलीस’ पाकीट बघायला मागतो. खरा पोलीस ओळखपत्र मागेल, तुमच्या नोटा मोजणार नाही.

या सगळ्यात आधी चोरलं जातं ते लक्ष, पाकीट नंतर. म्हणून सग्रादा फामिलियाच्या मनोऱ्यांखाली, जिथे सगळ्यांच्या माना वर असतात, तिथे खिसे सांभाळावेत. आपल्या लोकांचं एक मी पाहिलं आहे. दादरला सॅक पोटाशी धरणारा माणूस तिथलं लखलखीत स्टेशन पाहून तीच सॅक पाठीवर टाकतो. स्वच्छ जागा म्हणजे सुरक्षित जागा, असा आपला भाबडा समज!

तिथला कायदा चारशे युरोपर्यंतची चोरी किरकोळ गुन्हा मानतो. शिक्षा बहुधा दंडाची. वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये तो कडक करण्यात आला, तरी आपली काळजी आपणच घ्यावी.

ती फार अवघड नाही. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. पासपोर्ट कपड्यांच्या आत, कमरेच्या पिशवीत. त्याची प्रत वेगळ्या बॅगेत आणि एक घरी. हॉटेलबाहेरच्या टेबलावर मोबाइल ठेवून गप्पा मारू नयेत. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण चोरीची भरपाई त्यात आहे का, हे निघण्यापूर्वी वाचून घ्यावं. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा, तो मोफत आहे. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी. तिला तिथे ‘देनून्सिया’ म्हणतात. तिची प्रत माद्रिदच्या भारतीय वकिलातीत आणि विमा कंपनीकडेही लागते.

आता दुसरा प्रश्न, नावाचा. परदेशी माणसानं ओळखीचे कागद जवळ बाळगावेत, असा तिथे नियमच आहे आणि पोलीस ते मागू शकतात. मलाही एका स्टेशनबाहेर विचारलं. त्यांनी कागद पाहिले आणि परत दिले, एवढंच. कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीबद्दल मात्र माझ्या बांधवांना सांगून ठेवतो. १२३६ पासून ते कॅथेड्रल आहे. तिथे नमाज पढू देत नाहीत, रखवालदार थांबवतात. २०१० मध्ये यावरून झटापट झाली होती. डोळे भरून पाहावं, मनात दुवा मागावी आणि बाहेर यावं.

ग्रनाडाच्या अलहंब्रा महालात भिंतींवर चौदाव्या शतकातल्या इब्न झमरक या कवीच्या ओळी कोरलेल्या आहेत. इतक्या दूर जाऊन त्या ओळींसमोर खिसा चाचपत उभं राहणं मला तरी परवडणार नव्हतं. कागद जागच्या जागी असले, की मान निश्चिंतपणे वर करता येते.