पाणी तपासायचे कोणी?

बांगलादेशात १९७०च्या दशकात तळ्या-डबक्यांचे पाणी पिऊन लहान मुले हगवणीने आणि पटकीने दगावत. त्यावर सरकार आणि युनिसेफ यांनी जो उपाय पुढे आणला, त्यात कुणालाही खोट दिसली नसती. जमिनीत नळी घालायची, वर हातपंप बसवायचा आणि खालचे स्वच्छ पाणी प्यायचे. तिथली जमीन गाळाची, मऊ. चार माणसे एका दिवसात उथळ कूपनलिका खणून मोकळी होतात. त्यामुळे पुढे लोकांनीच पदरचे पैसे घालून परसात हातपंप बसवले आणि शतक संपेपर्यंत त्यांची संख्या साठ लाख ते एक कोटीच्या घरात गेली. पाण्यात जंतू नव्हते हे खरे. आर्सेनिक मात्र होते, आणि त्याला ना रंग, ना वास, ना चव. या विषाचा छडा कसा लागला आणि पुढे काय झाले, हे पाहिले की गरीब देशातल्या विद्यापीठाने नेमके काय करायचे असते, हा एरवी मोघमपणे चघळला जाणारा प्रश्न बराच स्पष्ट होतो.

पहिली खूण पश्चिम बंगालमध्ये सापडली. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे १९८३ साली खेड्यांतून काही रुग्ण आले. छातीपाठीवर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय राठ, त्यांवर कुरुपासारखे टणक फोड. गावात अशा माणसाला कुष्ठरोगी समजून दूर ठेवत, मुलींची लग्ने मोडत. साहांनी मूळ कारण ओळखले ते आर्सेनिक, आणि १९८७पर्यंत त्यांच्याकडे सीमेपलीकडचे रुग्णही आले होते. त्यानंतर जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी हे काम हाती घेतले. त्यांचा चमू वर्षानुवर्षे गावोगाव फिरून पंपाचे पाणी आणि लोकांचे केस, नखे, लघवी यांचे नमुने गोळा करत राहिला. १९९५ साली त्यांनी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात बांगलादेशातल्या या घटनेची नोंद इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा अशी झाली. साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा तो अंदाज होता.

यावर कुणी म्हणेल, की अशी कामे पैसा आणि साधने हाताशी असलेल्या परदेशी संस्थांकडेच सोपवावीत. आपल्या विद्यापीठांना वीजबिल भरायची मारामार. पण साधने असणे आणि योग्य प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटिश भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १९९२ साली बांगलादेशात सुमारे दीडशे कूपनलिकांचे पाणी तपासले होते. तपासणीत अनेक घटक होते, आर्सेनिक मात्र नव्हते. त्यावरून एका बांगलादेशी गावकऱ्याने लंडनमध्ये दावा लावला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला, कारण पाहणी ज्यासाठी होती त्यापलीकडे त्या देशातल्या पाणी पिणाऱ्यांची जबाबदारी संस्थेवर येत नव्हती. कायद्याने हे बरोबरच असेल, पण ठरवून दिलेल्या प्रकल्पाची मर्यादाही त्यातून उघडी पडते: सांगितले तेवढेच तपासायचे आणि अहवाल देऊन परतायचे. त्याच संस्थेने पुढे सरकारसोबत केलेली देशव्यापी पाहणी मात्र मोलाची ठरली. २००१च्या त्या अहवालानुसार उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या देशी मर्यादेच्या वर होत्या. दीडशे मीटरहून खोल कूपनलिकांत हे प्रमाण जेमतेम एक टक्का होते. कुशलता तीच होती, फक्त आता विचारायचा प्रश्न ठाऊक होता. आणि तो समोर आणला होता रुग्णांजवळ असलेल्या दवाखान्याने आणि विद्यापीठाने.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडूनच येतो. समाजाच्या तातडीच्या गरजांमागे धावताना मूलभूत संशोधन मागे पडते, असे ते म्हणतात. आर्सेनिकची कथा याच्या उलट साक्ष देते. सुरुवातीला अनेकांचा समज असा, की शेतीसाठी वारेमाप उपसा झाल्याने पाण्याची पातळी खाली जाते, जमिनीत हवा शिरते आणि पायराइट नावाच्या खनिजातून आर्सेनिक मोकळे होते. हे खरे असते, तर विहिरींतला उपसा थांबवणे हाच पहिला उपाय ठरला असता. १९९८ साली लंडन आणि ढाका इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये वेगळा उलगडा मांडला. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा थर असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटलेले असते. गाळातल्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू, प्राणवायू नसलेल्या जागी, तो थर विरघळवतात आणि विष पाण्यात उतरते. हा खनिजांचा आणि जिवाणूंचा निव्वळ शास्त्रीय प्रश्न, पण कुठल्या खोलीवर आणि कुठल्या रंगाच्या वाळूत नळी घालावी हे त्याच्या उत्तरावर ठरते.

मग उपाय सापडला का? इथे आपल्याला यंत्राची घाई असते. बांगलादेशातल्या कुष्टियात जन्मलेले आणि अमेरिकेत जॉर्ज मेसन विद्यापीठात शिकवणारे अबुल हुसाम यांच्या घरगुती गाळणीला २००७ साली दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. ते कौतुक रास्त होते. पण पश्चिम बंगालमध्ये बारुईपूर भागात अकरा उत्पादकांची एकोणीस आर्सेनिक-निवारण संयंत्रे बसवली होती. जादवपूरच्या चमूने दोन वर्षे त्यांवर नजर ठेवली आणि २००५ साली निष्कर्ष छापला: जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा एकाही संयंत्राने सातत्याने पाळली नाही, तेव्हाची ५० मायक्रोग्रॅमची भारतीय मर्यादाही सबंध काळ पाळणारी दोनच निघाली. यंत्र बसले त्या दिवशी फीत कापणारे पुष्कळ असतात. दोन वर्षांनी त्याच तोटीखाली बाटली धरणारा कुणीतरी लागतो, आणि तो विकणाऱ्याच्या पगारावर असून चालत नाही.

ढाक्याजवळच्या आराइहाजार भागात ढाका आणि कोलंबिया या विद्यापीठांनी २०००पासून जे काम केले, त्यात अशा पाठपुराव्याचे फळ दिसते. पंचवीस चौरस किलोमीटरमधल्या सुमारे सहा हजार कूपनलिका तपासल्यावर कळले, की विषारी आणि निर्धोक पंप शेजारीशेजारी असतात आणि बहुतेक कुटुंबांना शंभर मीटरच्या आत निर्धोक पंप सापडू शकतो. म्हणजे सर्वांत स्वस्त उपाय होता माहिती: आपला पंप वाईट, शेजारच्याचा चांगला. वाईट पंप वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पंप बदलला. त्याच गावांतल्या सुमारे बारा हजार प्रौढांवर लक्ष ठेवून २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला, की तिथले सुमारे २१ टक्के मृत्यू आर्सेनिकशी जोडता येतात. इतक्या वर्षांचा पाठपुरावा तीन वर्षांच्या अनुदानात होत नाही. आणि हे काम एकट्या देशी किंवा एकट्या परदेशी विद्यापीठाने केले नाही, हेही मान्य केले पाहिजे. पैसा आणि उपकरणे बाहेरून आली, तरी जमिनीची आणि माणसांची जाण तिथलीच लागली.

सर्वांत बोचरा आक्षेप शेवटचा. इतके संशोधन होऊनही लोक विष पीतच आहेत, मग उपयोग काय? २००० नंतरच्या मोहिमेत सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासून त्यांतल्या चौदा लाख कूपनलिकांवर धोक्याचा लाल रंग लावला गेला. पण रंग उडाला, नव्या कूपनलिका खणल्या गेल्या, आणि तेवढ्या प्रमाणावर फेरतपासणी वर्षानुवर्षे झाली नाही. सरकारी खोल कूपनलिका पुढाऱ्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या दारात बसल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ साली दाखवले. शिवाय बारिसाल भागात उथळ पंप सोडून दिलेल्या घरांत बालमृत्यू वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले, कारण लोक पुन्हा जंतूंच्या पाण्याकडे वळले. हे सारे कबूल. पण ही अपयशे आपल्याला कळली तीसुद्धा मोजणाऱ्यांमुळेच. वाटप कुणाला करायचे हा निर्णय विद्यापीठाचा नाही. तो चुकला हे पुराव्यानिशी सांगणे मात्र त्याचे काम आहे, आणि आपल्याच जुन्या सल्ल्याचे दुष्परिणाम सांगणेही.

महाराष्ट्राला हे दूरचे वाटायला नको. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तेही चवीला कळत नाही आणि दात-हाडांवर उतरल्यावरच दिसते. महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत यासाठी राज्यात २०१६पासून उन्नत महाराष्ट्र अभियान आहे. त्याचे यश प्रकल्प-अहवालांच्या गठ्ठ्यावर मोजू नये. एकेका महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातल्या ठरावीक विहिरी आणि हातपंप दर वर्षी तपासावेत, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, आणि हे दहा वर्षे न चुकता करावे. अध्यापकाच्या बढतीत या कामाला शोधनिबंधाइतकेच गुण मिळावेत. यात नवे यंत्र नाही, पारितोषिकही नाही. पण गावातल्या पंपाचे पाणी आज कसे आहे, या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यात कुणाकडे तरी असेल.