एकतर्फी हुकूमनामा : समज, गैरसमज आणि कायदा

काटोलसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे आंबिया आणि मृग या संत्र्यांच्या दोन बहारांवर घरोघरच्या खर्चाचा मेळ बसविला जातो, तिथे दुचाकीसाठी, लग्नकार्यासाठी वा घरातल्या जिनसांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते एखादा बहार गळाला की थकावेत यात नवल नाही. नवल याचे की, दिवाणी न्यायालयाचे समन्स कोनाड्यात पडून राहते आणि पुढे एके दिवशी बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन अंगणात उभा राहिला म्हणजे पारावरचे सगळे सल्लागार एकमुखाने सांगतात की, हुकूमनामा झाला, आता काही होणे नाही.

हा निर्वाळा मुळातच चुकीचा आहे. प्रतिवादी गैरहजर राहिला म्हणजे वादी आपोआप जिंकला, असे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कोठेही म्हटलेले नाही. न्यायालय दावा एकतर्फी चालविते, परंतु कर्जरोखा, खातेउतारा आणि मुद्दल-व्याजाचा हिशेब वादीला सिद्ध करावाच लागतो. दावा मुदतबाह्य असेल तर प्रतिवादीने तक्रार केली नसली तरी तो काढून टाकणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. आणि वादी सावकार असेल तर कर्ज देतेवेळी त्याच्याकडे वैध परवाना होता याची खात्री पटल्यावाचून त्याच्या लाभात हुकूमनामा करता येत नाही, असे महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी कायदा सांगतो. दावा चालू असतानाच जाग आली तर मधल्या तारखेलाही हजर होता येते. 1955 साली संग्रामसिंग विरुद्ध कोटा निवडणूक न्यायाधिकरण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते, याचा वैदर्भीयांनी थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. प्रक्रियेचे नियम न्यायदान सुकर व्हावे म्हणून असतात, पक्षकाराला शासन करण्यासाठी नव्हेत, हे त्या निकालाचे सूत्र.

तथापि याच्या नेमका उलट असा एक समज गावोगाव रूढ आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान तोच करतो: समन्स घेतलेच नाही तर दावा चालत नाही. प्रतिवादीने समन्स नाकारल्यास त्याची प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटविता येते. पोस्टाचा लिफाफा ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत आला तर न्यायालय बजावणी झाली असे जाहीर करू शकते. प्रतिवादी घरी नसेल व लवकर परतण्याचा संभव नसेल तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीच्या, पुरुषाच्या वा स्त्रीच्या, हाती दिलेले समन्सही चालते. गड्याच्या हाती दिलेले मात्र चालत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने नोकर हा कुटुंबीय नव्हे. सारांश, दार लावून घेणाऱ्याच्या पदरी एकतर्फी हुकूमनामा पडतो, आणि पुढे तो रद्द करून मागताना हेच बंद दार त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

रद्द करून मागण्याचा मार्ग संहितेच्या आदेश 9, नियम 13 मध्ये आहे. ज्या न्यायालयाने हुकूमनामा केला त्याच न्यायालयात अर्ज करावयाचा, आणि दोहोंपैकी एक गोष्ट दाखवावयाची: समन्सची रीतसर बजावणी झाली नव्हती, किंवा सुनावणीच्या दिवशी हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. बजावणीत किरकोळ दोष होता एवढ्यावर भागत नाही; तारीख ठाऊक होती आणि येण्यास पुरेसा अवधी होता असे दिसले तर तो दोष निरुपयोगी ठरतो. मुदत हुकूमनाम्यापासून 30 दिवसांची. बजावणीच झाली नसेल तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून. वृत्तपत्रातील जाहीर समन्स ही या मुदतीपुरती रीतसर बजावणी मानली जात नाही, ही सवलत फार थोड्यांना ठाऊक असते. विलंब झाल्यास तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो, पण तेथे प्रत्येक सबबीचा पुरावा लागतो.

अर्ज मंजूर झाला म्हणजे कर्ज बुडाले, असेही कोणी समजू नये. दावा पूर्वपदावर येतो, कैफियत देण्याची संधी मिळते, इतकेच. आणि ती देतानाही न्यायालय खर्च भरण्याची वा काही रक्कम जमा करण्याची अट घालू शकते. नुसत्या अर्जाने जप्ती थांबत नाही, त्यासाठी स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते. हुकूमनाम्याच्या गुणदोषांवर आक्षेप असेल तर जिल्हा न्यायालयात अपीलही करता येते, मात्र त्या अपिलाचा निकाल लागल्यावर, ते मागे घेतले असल्यास गोष्ट निराळी, नियम 13 चा दरवाजा बंद होतो.

तुरुंगाचे भयही अवास्तव आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषाच्या बाबतीतही, ऐपत असून बुद्धिपुरस्सर फेड न करणे आणि केवळ दारिद्र्य यांतला भेद 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केला आहे. शेतकऱ्याची अवजारे, त्याच्या उपजीविकेस लागणारी गुरे आणि बियाणे जप्तीतून वगळलेली आहेत. सामान्य कर्जासाठी पगारातील पहिले 1000 रुपये आणि उर्वरिताचा दोनतृतीयांश भागही सुरक्षित असतो.

एक सावधगिरी मात्र अगत्याची: हाती पडलेला कागद न्यायालयाचा आहे काय, हे आधी पाहावे. पतसंस्थेच्या थकबाकीसाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली निघणारा वसुली दाखला हा निबंधकांचा असतो. तो दिवाणी न्यायालयात रद्द होत नाही, त्यासाठी कलम 154 चा पुनरीक्षण अर्ज करावा लागतो, आणि त्यापूर्वी वसूलपात्र रकमेचा निम्मा हिस्सा भरावा लागतो. हुकूमनामाच असेल तर साक्षांकित नकलेसाठी अर्ज जरूर करावा, परंतु नक्कल हाती येईपर्यंत वकीलपत्र थांबवून ठेवू नये. कारण नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, नियम 13 च्या अर्जाच्या मुदतीतून होत नाहीत.