महाराष्ट्राचा झेंडा कुठला?

१ मेला गोंदियात दुहेरी वाढदिवस असतो. महाराष्ट्र राज्य १९६०चं आणि भंडाऱ्यातून वेगळा निघालेला गोंदिया जिल्हा १९९९चा, तारीख एकच. सकाळी पाहुणे येतात, पोलीस मानवंदना देतात आणि वर फडकतो तिरंगा. वाढदिवस राज्याचा, झेंडा देशाचा. कारण महाराष्ट्राला स्वतःचा झेंडाच नाही!

गंमत बघा. आपल्या राज्याला प्राणी आहे (शेकरू), पक्षी आहे (हरियाल), फूल आहे (ताम्हण), इतकंच काय, ब्लू मॉर्मन नावाचं फुलपाखरूही आहे. २०२३पासून राज्यगीतसुद्धा आहे. झेंडा तेवढा राहिला. शिवेपलीकडच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचीही तीच गत. जम्मू-काश्मीरचा नांगराचं चित्र असलेला लाल झेंडा होता, तो २०१९मध्ये उतरला. कर्नाटकाने २०१८मध्ये पिवळा-पांढरा-लाल झेंडा ठरवला, पण केंद्राची मंजुरी काही मिळाली नाही. राज्यघटनेत याबद्दल ना मुभा लिहिलेली, ना मनाई.

आता याच जिल्ह्यात माघ पौर्णिमेच्या सुमारास हावड्याच्या लाइनवरच्या दरेकसा स्टेशनला उतरा. सालेकसा तालुक्यातला हा डोंगराळ कोपरा एरवी सामसूम असतो. त्या दिवसांत मात्र कचारगडाच्या वाटेवर जिकडेतिकडे सात रंगांच्या पट्ट्यांचे झेंडे आणि 'जय सेवा'चा गजर. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून गोंड माणसं इथे यात्रेला येतात. चांदा, देवगड, खेरला, गढा-मंडला ही त्यांची राज्यं कधीच बुडाली. झेंडा मात्र चार-पाच राज्यांत एकच चालतो, आणि त्यासाठी कुणाच्या मंजुरीची फाइल फिरलेली नाही. मला तरी याचंच जास्त नवल वाटतं.

एवढ्या लांबून इथेच का यायचं? कथा अशी, की गोंडांची आदिमाता काली कंकाली हिची मुलं कचारगडाच्या गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर प्रचंड धोंडा. गोंडांचा आदिगुरू पारी कुपार लिंगो याच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवली. सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी धोंडा लोटला, मुलं सुटली. हिरासुका मात्र त्याच धोंड्याखाली चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने गोंडी धर्माची शिकवण दिली. म्हणून हे मूळस्थान.

तोंडोतोंडी चालत आलेलं हे सगळं धुंडाळून कागदावर आणणाऱ्यांत नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली आघाडीवर होते. पोटापाण्याची नोकरी कुठे, तर रिझर्व्ह बँकेत!