सकाळी बोटं आखडतात? दोष मोबाईलचा की आमवाताचा? समजून घ्या

मित्रांनो, घोरावाडी स्टेशनवर सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट बघताना आजूबाजूला एक नजर टाका. जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि अंगठा स्क्रीनवर. त्यामुळे बोटं दुखली की आपण लगेच म्हणतो, "मोबाईल जास्त झाला!" बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही जणांच्या बाबतीत ते खरं नसतं आणि मोबाईलला दोष देण्यात उपचाराचे सगळ्यात महत्त्वाचे महिने निघून जातात. म्हणून हा फरक आज समजून घेऊया.

दोन दुखण्यांत फरक काय?

मोबाईलमुळे होणारं दुखणं साधारणपणे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला असतं. बहुतेक वेळा एकाच हाताला. फोन वापरला की वाढतं, हाताला आराम दिला की कमी होतं.

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, याच्या बरोबर उलट वागतो. रात्रभर आराम करूनही सकाळी बोटं आखडलेली असतात. मूठ वळत नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही. अर्धा-एक तास हालचाल केल्यावर हात मोकळे होतात. बोटांची मुळं, मधले सांधे आणि मनगटं सुजतात, तेही बहुधा दोन्ही हातांना. असं सहा आठवडे चाललं असेल तर थांबू नका.

"हा तर म्हाताऱ्यांचा आजार!" असं वाटतंय? गुडघ्यांची झीज उतारवयात होते, तो वेगळा आजार. आमवात विशी-तिशीतही होऊ शकतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना साधारण दोन ते तीन पट जास्त होतो.

आपल्याच जिल्ह्यातला अभ्यास

पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. तिथे 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमाचा तो भाग होता. 4092 प्रौढांपैकी 18.2 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं, म्हणजे साधारण दर पाच-सहा जणांमागे एकाला. त्यात आमवाताचे रुग्ण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एक.

दोनशेत एक हा आकडा लहान वाटतो. पण गर्दीच्या एका लोकलमध्ये असे कितीतरी जण असतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

हा आजार होतो कशामुळे?

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. आमवातात ती चुकून आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. फोनमधल्या अँटिव्हायरसने आपलीच फाईल व्हायरस समजून डिलीट करावी, तसं काहीसं.

हे नेमकं का होतं, याचं एकच एक उत्तर नाही. काही जनुकं धोका वाढवतात. धूम्रपानाने धोका आणखी वाढतो. हिरड्यांच्या आजाराशीही याचा संबंध असल्याचं संशोधनात दिसतंय. एक महत्त्वाची गोष्ट अशी की, सांधे सुजण्याच्या कितीतरी आधी, कधी कधी काही वर्षं आधी, रक्तात 'अँटी-सीसीपी' नावाची प्रतिपिंडं सापडू शकतात.

मग आजार सुरू होण्याआधीच तो रोखता येईल का? ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये 213 जणांवर झालेल्या अशा एका चाचणीचे निकाल 2024 मध्ये आले. या लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं होती, सांधे दुखत होते, पण सूज नव्हती. एका गटाला वर्षभर अबाटासेप्ट हे इंजेक्शन दिलं. त्या वर्षात त्यातल्या 6 टक्के लोकांचा आजार पुढे गेला. औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण 29 टक्के होतं. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर फरक कमी झाला आणि दोन वर्षांनी आकडे 25 आणि 37 टक्के झाले. म्हणजे आजार पुढे ढकलता येतो, पण कायमचा थांबवणं अजून जमलेलं नाही.

आज उपलब्ध असलेला उपचार

चांगली बातमी अशी की, त्यासाठी परदेशी इंजेक्शनची वाट बघायची गरज नाही. मेथोट्रेक्सेट हे जुनं, स्वस्त औषध आजही पहिली पसंती आहे. पहिल्या काही महिन्यांतच उपचार सुरू झाला तर सांधे वाकडे होण्यापासून वाचण्याची शक्यता खूप वाढते. एकदा झिजलेलं हाड मात्र औषधाने भरून येत नाही.

पण इथे एक धोका नीट लक्षात ठेवा. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं. गरोदरपणात ते चालत नाही, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. मधूनमधून रक्ततपासणीही करावी लागते.

आणि "एका पुडीत आराम" देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या औषधांपासून लांब राहा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. दुखणं दबतं, पण सांधे आतून झिजतच राहतात.

मोबाईलचा खरा उपयोग इथे करा

- सकाळी उठल्याबरोबर दोन्ही हातांचा फोटो काढा. दुपारी डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सूज उतरलेली असू शकते.
- बोटं किती मिनिटं आखडलेली होती, ते रोज नोट्समध्ये लिहा.
- मेथोट्रेक्सेट सुरू असेल तर एक वार ठरवा आणि त्याच दिवसाचा साप्ताहिक अलार्म लावा. घरात आई किंवा आजी हे औषध घेत असेल तर तिच्या फोनमध्येही लावून द्या.
- ॲप किंवा एआयला विचारून निदान करू नका. रक्ततपासणी निगेटिव्ह येऊनही आमवात असू शकतो, आणि चिकुनगुनियानंतरही महिनोन्महिने असेच सांधे दुखू शकतात. हा फरक हात तपासूनच कळतो.

आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा. शंका असेल तर ते तुम्हाला सांधेवाताच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवतील.

तेव्हा मित्रांनो, उद्या सकाळी अलार्म बंद केल्यावर आधी मूठ वळून बघा. ती रोजच वळत नसेल, तर दोन दिवस फोन बाजूला ठेवून भागणार नाही. आणि घरात कुणी "सकाळी हातच चालत नाहीत गं" असं म्हणत असेल, तर हा लेख आधी त्यांना वाचून दाखवा.